एका डुकरापायी पेटलेलं वैर

‘हॅटफिल्ड्स अँड मकॉयज’ (२०१२, हिस्टरी वाहिनी, तीन भाग) मालिकेतलं या दोन कुटुंबांचं वैर खरं आहे. टग फोर्क नदीच्या एका काठाला केंटकी, दुसऱ्या काठाला वेस्ट व्हर्जिनिया. १८७८ मध्ये एका डुकराच्या मालकीचा खटला मकॉय हरले. १८८२ मध्ये मतदानाच्या दिवशी मकॉय भावांनी एलिसन हॅटफिल्डला भोसकलं, गोळीही घातली. तो दगावताच तिघा भावांना झाडांना बांधून ठार केलं गेलं. १८८८ च्या पहिल्याच दिवशी हॅटफिल्डांनी रँडॉल्फ मकॉयचं घर पेटवलं. मुलगा आणि मुलगी गेली, आई सारा बेदम मार खाऊन वाचली. मला मालिकेत सर्वाधिक हलवते ती हीच आई. मालिकेतल्या भूमिकांसाठी केव्हिन कॉस्टनर आणि टॉम बेरेंजर यांना एमी मिळालं. चित्रीकरण रोमानियातलं.