चेनचे वंगण आणि त्याची पारख

लेखमाला : दूरच्या प्रवासाची मोटारसायकल – लेखांक सातवा

मागील लेखांकात सामानाच्या पिशव्या आणि त्यांची बांधणी यांचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचवणारी चेन आणि तिच्या निगेसाठी बाजारात मिळणारी वंगणे व सफाईची द्रव्ये. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाच्या मोटारसायकलींत ही शक्ती शाफ्टने, तर हार्ले-डेव्हिडसनच्या अनेक गाड्यांत दातेरी पट्ट्याने नेली जाते. परंतु भारतात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बहुसंख्य गाड्यांत, मग ती रॉयल एनफिल्डची हिमालयन असो, बजाजची डॉमिनार असो वा पुण्याजवळ चाकण येथे तयार होणारी केटीएमची ॲडव्हेंचर असो, चेनच असते आणि ती उघडी असते. हिरो स्प्लेंडरसारख्या रोजच्या वापराच्या गाड्यांत चेन पत्र्याच्या बंद कव्हरमध्ये असल्याने धूळ-पाण्यापासून तिचे आपोआप रक्षण होते, आणि अशा गाड्यांवर हात बसलेल्या चालकाला चेनकडे सर्व्हिसिंगपुरतेच पाहण्याची सवय लागलेली असते. तीच सवय उघड्या चेनच्या गाडीवर कायम राहिली, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे पुढचे व मागचे दातेरी चक्र, अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर झिजतात.

वंगणाची पारख करण्यापूर्वी चेनची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण कोणते द्रव्य चांगले हा प्रश्न त्या द्रव्याने नेमके कोणते काम करायचे हे ठरल्याशिवाय सुटत नाही. आजची मोटारसायकलची चेन ही हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने 1880 मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केलेल्या रोलर चेनचीच वंशज आहे. तिच्या प्रत्येक सांध्यात मध्यभागी पोलादी पिन, पिनेभोवती नळीसारखा बुश आणि बुशाभोवती मोकळा फिरणारा रोलर असतो. स्प्रॉकेटचा दाता रोलरवर टेकतो, रोलर बुशावर फिरतो आणि चेन वळते तेव्हा बुश पिनेभोवती किंचित फिरतो. चेनवर कोरलेला आकडाही याच रचनेचे माप सांगतो. 520 या आकड्यातील पहिला 5 म्हणजे दोन लगतच्या पिनांमधील अंतर पाच-अष्टमांश इंच, अर्थात 15.875 मिलिमीटर, आणि उरलेला 20 म्हणजे आतील रुंदी पाव इंच. 428 मध्ये हेच अंतर अर्ध्या इंचाचे, म्हणजे 12.7 मिलिमीटरचे असते.

खरी झीज होते ती पिन आणि बुश यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा बाहेरून दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या साध्या चेनमध्ये तेथे तेल मुरवणे हेच वंगणाचे प्रमुख काम होते. प्रवासी गाड्यांवर आता ओ-रिंगची किंवा एक्स-रिंगची चेन येते. तिच्यात कारखान्यातच पिन व बुश यांच्यामध्ये ग्रीस भरून, आतील व बाहेरील पट्ट्यांच्या मधोमध रबरी कडी दाबून बसवून ते ग्रीस कायमचे कोंडले जाते. ओ-रिंगचा छेद वर्तुळाकार असतो, तर एक्स-रिंगला चार ओठ असल्यामुळे ती कमी घर्षणात अधिक घट्ट अडवणूक करते. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, जो डब्यांवरील जाहिरातीत क्वचितच स्पष्टपणे वाचायला मिळतो: अशा चेनवर बाहेरून मारलेला कोणताही स्प्रे, कितीही महाग असला तरी, पिनेपर्यंत पोहोचत नाही, आणि कडी शाबूत असेल तर त्याने तेथे पोहोचण्याची गरजही नसते. बाहेरच्या वंगणाकडे मग तीन कामे उरतात. रोलर आणि दाता यांच्यातील तसेच रोलर आणि बुश यांच्यातील घर्षण कमी करणे, पोलादाला गंज चढू न देणे आणि रबरी कड्या कोरड्या पडून तडकू न देणे. द्रव्याची परीक्षा घ्यायची ती या तीन कामांच्या आधारे. डब्यावर छापलेला शर्यतीच्या गाडीचा फोटो किंवा फेसाचा रंग यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

या कामांच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण म्हणजे वंगण उडून जाणे. ती किती मोठी आहे हे साध्या हिशेबाने दिसते. मागच्या चाकाचा परीघ सुमारे 2 मीटर, मागच्या स्प्रॉकेटला 45 दाते, पुढच्याला 15 आणि चेन 520 मापाची असे धरले, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे 11 फेरे घेते आणि चेन सेकंदाला जवळजवळ 8 मीटर धावते. पुढच्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम 38 मिलिमीटर असल्यामुळे, तेथे वळसा घेताना चेनवरील तेलाच्या थेंबाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या दीडशेपटीहून अधिक भरतो. पातळ तेलाला या जोरापुढे टिकाव धरता येत नाही. ते रिमवर, नंबरप्लेटवर, आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे टायरच्या कडेवर किंवा डिस्कवर जाऊन बसते. वंगण चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे खालच्या धावेच्या वरच्या अंगावर मारावे असे सांगितले जाते त्याचेही कारण हेच आहे: जो जोर तेल बाहेर फेकतो तोच आतून लावलेले तेल पट्ट्यांच्या आणि रोलरच्या फटींतून बाहेरच्या दिशेने नेतो.

बाजारातील वंगणांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग चिकट तेलाच्या स्प्रेंचा; त्यांत तेल एखाद्या उडून जाणाऱ्या द्रावकात पातळ केलेले असते, मारताना ते फटीत शिरते आणि द्रावक उडाल्यावर घट्ट, ताणले जाणारे तेल मागे राहते. दुसरा वर्ग मेणयुक्त द्रव्यांचा, जी वाळल्यावर बोटाला जवळजवळ कोरडी लागतात. टेफ्लॉन या नावाने तव्यांमुळे परिचित झालेले पीटीएफई घातलेली कोरडी वंगणेही व्यवहारात याच गटात मोडतात. तिसरा वर्ग साध्या 80 किंवा 90 क्रमांकाच्या गिअर ऑइलचा. ते स्वस्त असते, कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, आणि खास वंगण हाताशी नसल्यास तेच वापरावे असे होंडासारख्या कंपन्यांच्या पुस्तिकाही सांगतात. त्याची उणीव एवढीच की ते अधिक उडते आणि म्हणून पुनःपुन्हा लावावे लागते. स्कॉटलंडमधील स्कॉटऑइलर या कंपनीने या उणिवेवर शोधलेला उपाय उल्लेखनीय आहे: इंजिनाच्या हवा ओढण्याच्या मार्गातील निर्वात दाबावर चालणारी झडप इंजिन सुरू असेपर्यंत मागच्या स्प्रॉकेटवर थेंब-थेंब तेल सोडत राहते, त्यामुळे उडालेल्या तेलाची जागा सतत भरली जाते.

या वर्गांतील द्रव्यांची तुलना घरच्या घरी, फारसा खर्च न करता, पण शिस्तीने करता येते. गॅरेजमध्ये बदलून टाकलेली एखादी जुनी चेन मिळवून तिचे प्रत्येकी पाच-सहा कड्यांचे तुकडे करावेत, ते रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावेत, आणि प्रत्येकावर एकेक वंगण सारखेच लावून एक तुकडा कोरा ठेवावा. हा कोरा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर गंज वंगणामुळे टळला की हवा कोरडी होती म्हणून, हे सांगता येत नाही. रात्रभर टांगून ठेवल्यावर सर्व तुकडे एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवून केलेल्या, म्हणजे साधारण समुद्राइतक्या खाऱ्या, पाण्यात बुडवून पुन्हा टांगावेत आणि रोज पाहावे. लक्ष सपाट पट्ट्यांकडे न ठेवता पिनेच्या डोक्याभोवतीच्या बारीक खाचेकडे आणि रोलरच्या कडेकडे ठेवावे, कारण तांबूस रेघ प्रथम तेथे उमटते. धुळीच्या परीक्षेसाठी दुसऱ्या संचातील तुकडे वस्त्रगाळ मातीत घोळवून, झटकून, पांढऱ्या कापडाने पुसावेत. कापडावर कोरडी माती उतरली तर ठीक, पण तेलात कालवलेला करडा लगदा उतरला तर तोच लगदा प्रत्यक्षात दाते घासणार हे समजावे. उडण्याची परीक्षा मात्र स्थिर तुकड्यावर होऊ शकत नाही. त्यासाठी रिम स्वच्छ पुसून, वंगण लावून, ठरलेल्या अंतराची आणि साधारण एकाच वेगाची फेरी करावी आणि नंतर रिमचा ठरावीक भाग पांढऱ्या कागदाने पुसून डागांची तुलना करावी.

अशा परीक्षांतून एकच विजेता पुढे येईल अशी अपेक्षा चुकीची ठरेल, कारण रस्ता बदलला की कामांचा क्रम बदलतो. पावसाळ्यात ताम्हिणीतून किंवा आंबोलीतून कोकणात उतरून किनाऱ्याने प्रवास करणाऱ्याला पाऊस वंगण धुऊन नेतो आणि खारी हवा गंजाला आमंत्रण देते, म्हणून तेथे चिकट तेल सरस ठरते. मनाली–लेह मार्गावरील मोरे मैदानासारख्या कोरड्या, मऊ धुळीच्या प्रदेशात तेच तेल धूळ पकडून लगदा करते आणि मेणयुक्त द्रव्य अधिक बरे पडते. कच्छच्या रणात धूळ आणि मीठ दोन्ही एकत्र असल्याने कोणत्याही एका द्रव्यापेक्षा रोज संध्याकाळी चेन पुसून नव्याने वंगण देण्याची शिस्तच उपयोगी पडते. एरवी 500 ते 1000 किलोमीटरचे अंतर पुरेसे मानले जाते; परंतु दिवसभर पावसात गाडी चालली असेल तर किलोमीटर न मोजता मुक्कामी पोहोचताच वंगण द्यावे.

सफाईच्या द्रव्यांबाबत निर्णय तुलनेने सोपा आहे. रबरी कडीला धक्का न लावता जुने तेल सोडवणे एवढेच त्यांचे काम, आणि रॉकेल व मऊ ब्रश यांनी ते चांगले होते. खास चेन क्लीनरचा लाभ मुख्यतः सोयीचा आहे. पेट्रोल मात्र कटाक्षाने टाळावे. मनाली–लेह मार्गावरील टांडी येथील पंपावरचा फलक पुढील पंप 365 किलोमीटरवर असल्याचे सांगत आल्यामुळे लडाखकडे जाणारे चालक पेट्रोलचे डबे भरून नेतात, आणि जवळ आहे म्हणून त्यातच फडके भिजवून चेन पुसण्याचा मोह होतो; पण पेट्रोलने कड्या फुगतात, कडक होतात, आणि ते आग पकडते हा धोका वेगळाच. तारेचा ब्रश आणि जोरदार पाण्याचा फवारा हेही कड्यांचे शत्रू आहेत, म्हणून धुलाई केंद्रावर फवारा चेनवर रोखू नये असे आवर्जून सांगावे. डब्ल्यूडी-40 विषयी असलेला गैरसमजही येथे दूर करावयास हवा. 1953 मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी ते तयार झाले, आणि धुतलेल्या चेनमधील पाणी काढण्यास ते उपयोगी आहे. तथापि त्याचा थर पातळ असल्याने चेनचे एकमेव वंगण म्हणून त्यावर विसंबणे योग्य नाही.

वंगण देण्याची योग्य वेळ प्रवास संपल्यानंतरची, चेन कोमट असतानाची आहे. सकाळी निघण्यापूर्वी घाईने मारलेल्या स्प्रेतील द्रावक उडालेला नसतो आणि पहिल्या काही किलोमीटरांतच बरेचसे द्रव्य रस्त्याला मिळते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर, आणि चाक हाताने फिरवलेले, ही पद्धत कधीही मोडू नये. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते तेव्हा बोट सोडवून घेण्याइतका वेळ मिळत नाही आणि बोटे कायमची तुटतात. वेळ वाचवण्यासाठी ही किंमत कोणीही मोजू नये. वंगण लावून झाल्यावर थोडा वेळ थांबून बाहेरच्या पट्ट्यांवरचे जास्तीचे तेल जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून टाकावे, कारण तेथे साचलेले तेल गंजापुरत्या पातळ थराहून अधिक असेल तर धूळ धरण्यापलीकडे काही करत नाही.

वंगण काम देते आहे की नाही याचा अंतिम पुरावा मोजपट्टीच देते. चेन लांबली असे म्हटले जाते तेव्हा पोलाद ताणलेले नसते. प्रत्येक पिन व बुश यांच्यातील सूक्ष्म झिजेची बेरीज लांबीच्या रूपाने दिसते. 520 च्या नव्या चेनमध्ये ताणून धरलेल्या वीस अंतरांची लांबी, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, 317.5 मिलिमीटर भरते, ती 320.7 झाली म्हणजे एक टक्का झीज झाली. मर्यादा किती हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, आणि बदलताना चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन झपाट्याने खराब होते. मोजमाप तीन-चार ठिकाणी घ्यावे. एका जागी चेन घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर एखादी रबरी कडी फुटून तेथले ग्रीस निघून गेल्याची शक्यता असते, आणि त्या अवस्थेत कोणताही स्प्रे उपयोगी पडत नाही.

सामानात काय न्यावे हा व्यावहारिक प्रश्न उरतो. स्प्रेचा डबा दाबाखाली भरलेला असल्याने 50 अंशांहून अधिक तापमानात ठेवू नये अशी सूचना त्यावर छापलेली असते, त्यामुळे सायलेन्सरच्या बाजूची पिशवी त्यासाठी अयोग्य आहे. ज्वलनशील स्प्रे विमानात नेता येत नाही. विमानाने लेहला जाऊन तेथे गाडी भाड्याने घेणाऱ्याने गिअर ऑइलची लहान बाटली तेथेच घ्यावी आणि जुना टूथब्रश बरोबर न्यावा. याखेरीज आपल्या चेनच्या मापाची एक जोडकडी, तिच्या चार रबरी कड्यांसह, टूलकिटमध्ये असावी. वाटेत चेन तुटल्यास क्लिपची जोडकडी जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेते. ती बसवताना क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे, कारण उघडे टोक पुढे राहिले तर दगडाच्या वा कव्हरच्या घासण्याने क्लिप निसटू शकते.