सतराव्या दिवशी रिकामा होणारा डबा

पुणे-पौड रस्त्याने पिरंगुट मागे पडले की घोटावडे फाट्याजवळ भरे गाव लागते. मुळशी तालुका म्हणजे भाताचा मुलूख. इथला आंबेमोहोर आणि इंद्रायणी पुण्याच्या बाजारात नावाने विकला जातो. पण आसपासच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या ताटात तो सणावारीच दिसतो. रोज असतो तो रेशनचा तांदूळ, नाहीतर गिरणीवरची कणी. कणीला नाक मुरडू नये. तिची पेज आणि घावन अख्ख्या तांदळापेक्षा कमी नसतात.

आता हिशेब पाहू. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरात 25 किलो येते. दिवसाला दीड किलो लागले, तर सतराव्या दिवशी डबा रिकामा. डाळ, तेल, मीठ, मिरची तर पहिल्या दिवसापासून विकतचीच.

त्यातही लातूर, बीड, नांदेडकडून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या भगिनींची गत निराळी. ''ताई, आमचं कार्ड गावाकडं, इथं कोण देणार?'' असे त्या म्हणतात आणि दुकानातून किलो-किलोने तांदूळ आणतात. हा समज साफ चुकीचा आहे. 'एक देश, एक रेशन कार्ड' या योजनेत कार्डाला आधार जोडलेला असेल तर कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. सासू-सासरे गावी असतील तर त्यांच्या वाट्याचे त्यांनी तिकडे घ्यावे, तुमचे तुम्ही इकडे. अंगठ्यानंतर मशिनमधून पावती निघते, ती मागून घ्या आणि वजनाशी ताडून पाहा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आणखी एक गोष्ट. रेशनच्या तांदळात कधी काही दाणे वेगळेच दिसतात, पाण्यावर तरंगतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बाया ते वेचून फेकतात. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून ते दाणे केलेले असतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले असतात. रक्त कमी असलेल्या बाईने नेमके तेच फेकावेत, याला काय म्हणावे!

भाताने पोट भरते, अंगाला लागायला डाळ-कडधान्य हवे. तूरडाळ परवडत नसेल तर हुलग्याचे पिठले, मटकीची उसळ, मसूर. सोयावड्यांच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात, आणि एवढ्या वड्या चौघांच्या कालवणाला पुरतात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्या फुकट मिळतात. मात्र जाणत्या बाईकडून ओळखून घ्या, आणि कारखान्याच्या नाल्याकाठची भाजी मुळीच खुडू नका. पालेभाजीत चिंच-आमसूल घाला, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जाते.

हे ज्ञान आपल्याला नवे नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचे खाणे नोंदवून ठेवले आहे. मोजक्या तेलात रस्सा कसा करायचा, मांसाचा कोणताही भाग वाया न घालवता, वाळवून चान्या करून कसा टिकवायचा, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. मराठवाड्यात भाजलेले धान्य-मसाले दळून येसर करतात. चमचाभर येसराने पातळ रस्सा दाट होतो, खोबऱ्याचा खर्च वाचतो. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाऊन पोरे जगवलेल्या बायांच्या हातची ही विद्या आहे. गरिबी गोड मानावी असे मी म्हणत नाही. त्या खाण्यात उपासही होते.

पण लाजेचे काय करायचे? सुकट, बोंबील ही स्वस्त प्रथिने. भाजल्यावर वास सुटतो, खोलीमालक कुरकुरतो, आणि आपलीच शाळकरी मुलगी खिडकी लावून घेते. मग सुकट बंद होते आणि त्या पैशात कुरकुऱ्यांच्या पुड्या आणि बिस्किटे येतात. घराच्या हिशेबात असले नुकसान कुठेच लिहिले जात नाही.

तेलाचे तसेच. रोज दहा-वीस रुपयांचे तेल आणणारीला ते नेहमी महाग पडते, उधारीवर तर आणखी. एकाच चाळीतल्या पाच जणींनी पगार झाल्यावर वर्गणी काढून पंधरा किलोचा डबा आणावा आणि मापाने वाटून घ्यावा. बचत गट असेल तर डाळही तशीच घेता येते. अट एकच, माप सर्वांसमोर व्हावे. नाहीतर तेलापेक्षा भांडणच महाग पडते.

भऱ्यात भेटलेल्या एका भगिनीने मात्र मला वेगळेच सांगितले. घरात सर्वांत शेवटी ती जेवायची आणि तळाचे पाणीच तिच्या वाट्याला यायचे. कारखान्यात उभी असताना दोनदा चक्कर आली. आता वाढायला घेण्याआधीच ती एक वाटी घट्ट डाळ स्वतःसाठी बाजूला काढून झाकून ठेवते. नवऱ्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले, ''हे कुणासाठी?'' ती म्हणाली, ''सकाळी सातची पाळी मलाबी हाय.''