यतीमाला घर देण्यापूर्वीची तयारी

रमजानचा दुसरा अशरा लागला की मशिदींच्या दारात यतीमखान्यांची पावतीपुस्तके दिसू लागतात. खामगाव असो, मलकापूर असो की नांदुरा, तरावीहनंतर बाहेर पडणारा माणूस खिशात हात घालतो, जकातीतली किंवा सदक्याची रक्कम देतो आणि पावती घेऊन घराकडे वळतो. हे चांगलेच आहे. पण यतीमाच्या बाबतीत पवित्र कुरआनची अपेक्षा पावतीवर संपत नाही. यतीमाला धुडकावू नका, त्याच्या मालाला हात लावू नका, त्याला मान द्या, हे कुरआनने पुन्हा पुन्हा बजावले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. यतीमाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल, हे सांगताना त्यांनी हाताची दोन बोटे दाखवल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

मग मूल घरी आणायचे असेल तर? इथे बहुतेक घरांत संभाषण थांबते. ‘आपल्यात दत्तक चालत नाही’ एवढे एक वाक्य येते आणि मूल नसलेले जोडपे गप्प बसते. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग समजून घ्यायला बुलडाण्याच्या वाचकाला फार लांब जावे लागत नाही. जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. तिथल्या रेल्वे स्टेशनावर १९८६ च्या सुमारास पाच वर्षांचा एक मुलगा बाकावर झोपी गेला होता.

खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला हा मुलगा. वडील मुन्शी खान घर सोडून गेलेले, आई बांधकामावर दगड-माती वाहणारी. थोरला भाऊ गुड्डू याच्याबरोबर तो बुऱ्हाणपूरला आला, भाऊ परत येईपर्यंत बाकावर झोपला, जाग आल्यावर समोरच्या गाडीत चढला आणि थेट हावड्याला पोहोचला. घरचा पत्ता सांगता येईना. स्टेशनाचे नावही नीट उच्चारता येईना. स्वतःचे नाव शेरू, पण बोबड्या उच्चारात ते ‘सरू’ झाले आणि तसेच कागदावर चढले. काही महिन्यांनी कोलकात्यातील एका दत्तक संस्थेमार्फत ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरच्या सू आणि जॉन ब्रायर्ली या जोडप्याने त्याला स्वीकारले. सप्टेंबर १९८७ मध्ये तो विमानाने मेलबर्नला उतरला.

या जोडप्याची तयारी पाहण्यासारखी आहे. मूल येण्याआधी त्यांनी एक छोटा फोटो अल्बम कोलकात्याला पाठवला. त्यात त्या दोघांचे फोटो होते, घराचे होते. संस्थेतल्या बायकांनी तो मुलाला दाखवला, हे तुझे नवे घर म्हणून सांगितले. इकडे त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावून ठेवला. तू कुठून आलास हे आम्ही लपवणार नाही, हे त्या नकाशाने न बोलता सांगितले. तो नकाशा पाहत मोठा झालेला सरू पुढे संगणकावर उपग्रहाची चित्रे चाळत रेल्वेमार्ग शोधत राहिला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये खंडव्याला पोहोचला. आई त्याच वस्तीत राहत होती, आता तिचे नाव फातिमा होते. गुड्डू मात्र तो हरवला त्याच सुमारास रेल्वेखाली गेला होता. ‘लायन’ हा २०१६ चा चित्रपट याच हकिकतीवर आहे.

चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नसेल. त्या मुलाची खरी अडचण नाव आणि पत्त्याची होती. सूरह अहजाबमध्ये सांभाळलेल्या मुलाबद्दल जो हुकूम आला तो नेमका नावाबद्दल आहे. त्यामागे हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांची हकिकत आहे. तेही हरवलेलेच मूल. टोळीवरच्या हल्ल्यात पळवले गेले, उकाजच्या बाजारात विकले गेले आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरातून प्रेषितांकडे आले. वडील हारिसा शोधत मक्केला पोहोचले तेव्हा प्रेषितांनी निवड जैदवरच सोपवली. जैदने इथेच राहायचे ठरवले. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सर्वांसमोर आपला मुलगा म्हटले आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. पुढे आयत उतरली की मुलांना त्यांच्या जन्मदात्या बापाच्या नावाने हाक मारा. जैद पुन्हा ‘बिन हारिसा’ झाले.

नाव बदलले, प्रेम तसेच राहिले. कुरआनमध्ये नावानिशी उल्लेख असलेले जैद हे एकमेव सहाबी आहेत. हिजरी ८ मध्ये मुअताच्या मोहिमेचे पहिले सेनापती म्हणून त्यांनाच पाठवले गेले. तेव्हा सांभाळायला बंदी नाही, ओळख पुसायला आहे. या सांभाळाला ‘कफाला’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या विसाव्या कलमात कफाल्याचा नावाने उल्लेख आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला.

आपल्या देशात कायद्याचा रस्ता उशिरा मोकळा झाला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांना १८९० च्या पालकत्व कायद्याखाली नुसते पालक होता येत असे. सर्वांसाठी दत्तक विधेयक १९७२ मध्ये राज्यसभेत आले, मुस्लिम संघटनांनी विरोध केला आणि १९७८ मध्ये ते मागे घेतले गेले. बाल न्याय कायद्याने मात्र धर्म न विचारता दत्तकाची सोय केली. सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. न्यायालयाने दत्तकाला मूलभूत हक्क म्हटले नाही. ज्याला या कायद्याने मूल घ्यायचे आहे तो घेऊ शकतो, ज्याला आपल्या धार्मिक समजुतीप्रमाणे वागायचे आहे त्याच्यावर सक्ती नाही, इतकेच सांगितले. पर्सनल लॉ बोर्डाने कफाल्याची बाजू मांडली होती. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे राखता येईल असा हा निकाल आहे, पण आपल्या भागात त्याची चर्चा फारशी झालीच नाही.

आता समजा, मलकापूरचे एखादे जोडपे नोकरीनिमित्त कुवेतला किंवा दुबईला आहे आणि त्यांना भारतातून मूल घ्यायचे आहे. किंवा भाऊ-भावजय अपघातात गेले आणि पुतण्याला आखातातल्या काकाकडे न्यायचे आहे. आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त. आजवर तो घरच्या घरी होत आला. मूल आजीजवळ राहते, काका पैसे पाठवतो. पण मुलाला विमानात बसवायचे म्हटले की घरगुती शब्द चालत नाही, कागद लागतो. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा या नात्यांतले दत्तक बाल न्याय कायद्यात कोणत्याही धर्माच्या माणसाला मोकळे आहे, परदेशात राहणाऱ्या नातेवाइकालाही. दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. खंडपीठाच्या फेऱ्या नाहीत, बुलडाण्याला जावे लागते.

अनोळखी मूल घ्यायचे असेल तर नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर होते. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला प्राधान्यक्रमात देशातल्या जोडप्याइतकाच हक्क आहे. ज्या देशात दत्तकाची मान्य संस्था नाही तिथे भारतीय दूतावासामार्फत अर्ज जातो. लग्नाला किमान दोन वर्षे झालेली हवीत. दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी, आणि मुलापेक्षा प्रत्येक जण किमान २५ वर्षांनी मोठा हवा. मग समाजसेवक घरी येऊन चौकशी करतो. प्रतीक्षा मोठी आहे, तीन वर्षांहून अधिक काळ थांबलेली जोडपी कितीतरी. देशात राहणाऱ्या जोडप्याला मुलाची माहिती पोर्टलवर आली की होकार द्यायला ४८ तास मिळतात. इतकी वर्षे थांबल्यावर दोन दिवसांत ठरवायचे, म्हणून घरातल्या मोठ्यांशी बोलणे आधीच उरकलेले बरे.

सरूच्या वेळी मूल सोबतच्या माणसांबरोबर परदेशी पाठवले जाई. आता परदेशी राहणाऱ्या पालकांना स्वतः भारतात येऊन मूल न्यावे लागते. मुलाचा भारतीय पासपोर्ट निघतो, राहण्याचा देश हेग करारातला असेल तर त्याप्रमाणे प्रमाणपत्र मिळते आणि पुढची दोन वर्षे मूल कसे आहे याचा अहवाल पाठवावा लागतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आखातात राहणाऱ्यांनी मात्र एक काम सर्वांत आधी करावे. दत्तक मुलाला तिथला निवासी व्हिसा कोणत्या कागदावर मिळतो, हे तिथल्या कार्यालयात विचारून घ्यावे. तिथे दत्तकाचा आदेश मानतील की पालकत्वाचा, यावर सगळे अवलंबून असते.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. दवाखान्यातून, स्टेशनावरून किंवा दारात सापडलेले मूल परस्पर ठेवून घेणे पुण्य नाही, गुन्हा आहे. सापडलेल्या मुलाची खबर २४ तासांत पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा १०९८ वर द्यावी लागते. परस्पर दिल्या-घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने मुंबई-नागपूर-हावडा मार्गावर आहेत, इथे उतरलेल्या मुलाच्या मागे कुठेतरी त्याची फातिमा असू शकते. म्हणूनच सोडून दिलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध दोन वर्षांखालील वयासाठी दोन महिने आणि मोठ्यांसाठी चार महिने घेतल्यावरच ते दत्तकासाठी मोकळे होते.

उरतात ते शरीअतचे प्रश्न, आणि तेही तयारीतच मोडतात. पहिला महरमचा. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दुधाच्या नात्याचा मार्ग आहे. स्वतः प्रेषितांना हलीमा सादिया यांनी दूध पाजले होते आणि ते त्यांना आईचा मान देत. मुलगा आणायचा असेल तर बायकोच्या बहिणीने, मुलगी असेल तर नवऱ्याच्या बहिणीने पाजले की घरातला पडद्याचा प्रश्न सुटतो. अंगावर पिणारे बाळ असलेली बहीण वेळेवर असायला हवी, म्हणून हे आधीच ठरवावे लागते. हनफी घरांनी तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा.

दुसरा प्रश्न वारशाचा. शरीअतप्रमाणे सांभाळलेले मूल वारस नसते, पण एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते आणि हयातीत हिबा कितीही देता येतो, फक्त ताबा खरोखर द्यावा लागतो. बाल न्याय कायद्याने घेतलेले मूल मात्र कायद्याच्या नजरेत पोटच्या मुलासारखेच. भाऊबंदांची भांडणे नेमकी इथे सुरू होतात. शेती किंवा घर असेल तर हिब्याची नोंदणी बाप जिवंत असतानाच करून ठेवलेली बरी.

तिसरा नावाचा. दत्तकाच्या आदेशानंतर जन्मदाखल्यावर नव्या आई-बापांची नावे येतात, तिथे इलाज नाही. पण घरात मुलाला खरे सांगायला कोणी अडवलेले नाही. कागदावरचे नाव शाळेसाठी, पासपोर्टसाठी. जन्मदाते माहीत असतील तर त्यांचे नाव, नसतील तर मूल कोणत्या संस्थेतून, कोणत्या गावातून आले ते, एका वहीत लिहून मुलासाठी जपून ठेवावे. ब्रायर्ली दांपत्याने भिंतीवर नकाशा लावला होता.