सायकलवर बसताना काय घालायचं?



‘अवघड जागी दुखणं अन् जावई वैद्य’ असं आपल्याकडे म्हणतात. आज मला त्या अवघड जागेबद्दलच बोलायचं आहे. घरातले पुरुष ऐकत असले तर ऐकू द्या. त्यांच्यातही सायकल चालवणारे आहेतच.

माझी भाची नववीत आहे. शाळा साडेचार किलोमीटरवर, गावाला एसटी वेळेवर नाही. तिला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देणारी त्यांची योजना तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. सायकल आली त्या दिवशी पोरीने तिला हळदकुंकू लावलं. दीड महिन्यानंतर मी गेले तर सायकल गोठ्यात, वर कडब्याची पेंढी. विचारलं तर म्हणे पोट दुखतं. रोज कसं काय पोट दुखतं? रात्री जेवणं झाल्यावर, दिवा मालवल्यावर तिने खरं सांगितलं. दोन्ही मांड्यांच्या आतून कातडी सोलली होती, आणि पाळीच्या दिवसांत तर बसवतच नव्हतं. हे आईला सांगायची लाज, बाईंना सांगायची लाज. त्या महिन्यात तिचे अकरा दिवस बुडाले होते.

म्हणजे शाळा सुटायची वेळ आली होती ती सलवारीच्या एका शिवणीपायी.

शिवणीपायीच म्हणते, कारण मी ती सलवार उलटी करून पाहिली. आसनाच्या मधोमध चार शिवणी एका ठिकाणी येतात, तिथे कापडाची जाड गाठ होते. आत चड्डीचं इलॅस्टिक, त्यावर ती गाठ, वरून आपलं वजन. पायडल मारताना पाय मिनिटाला पन्नास-साठ वेळा खालीवर होतो, आणि दरवेळी ती गाठ त्याच जागी घासते. सुती कापड घाम पितं, पण लवकर वाळत नाही, आणि ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलते. आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा धरा, म्हणजे हिशेब पूर्ण झाला.

लांबची सायकल चालवणारे लोक यासाठी खास हाफपँट घालतात. अंगाला घट्ट, ताणणाऱ्या कापडाची, आणि बसायच्या जागी आतून गादी शिवलेली. पूर्वी ही गादी खऱ्या कातड्याची असे. युरोपातल्या डोंगरांत शॅमॉय नावाचं शेळीसारखं जनावर असतं, त्याचं मऊ कातडं. ते वाळून कडक होऊ नये म्हणून त्याला मलम चोळत. आता कातडं गेलं, फोम आला, पण दुकानात त्या गादीला अजूनही शॅमॉयच म्हणतात. पुण्याच्या प्रीती मस्के, दोन मुलांची आई, यांनी 2022 मध्ये लेह ते मनाली हे सुमारे 430 किलोमीटर डोंगरातले 55 तासांत एकट्याने सायकलवर पार केले. इतका वेळ सीटवर काढायचा तर कपड्याचा विचार आधी करावा लागतो.

आता ही पँट घेताना लोक फसतात ते जाडीवर. जितकी जाड तितकी चांगली असं वाटतं. तसं नाही. मऊ, जाड गादीत आपण रुततो, ती गोळा होते आणि पुन्हा घासायला लागते. अंगठ्याने दाबून पाहा. थोडी दबली पाहिजे आणि लगेच वर आली पाहिजे. अंगठा तळाला टेकला तर ठेवून द्या. बायकांची पँट वेगळी मागा, कारण आपली बसायची हाडं पुरुषांपेक्षा रुंद असतात, म्हणून गादीही मागे रुंद लागते. मधोमध शिवण नको. घालून उभं राहिल्यावर जरा जास्तच घट्ट वाटेल, पण सायकलवर वाकतो तसं वाकून पाहा, तेव्हा नीट बसली म्हणजे माप बरोबर. सैल पँट कधीच घेऊ नका, ती सरकते.

आणि हे ऐकून आमच्या गटातल्या काकू ‘अगं बाई!’ म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या होत्या: या पँटीच्या आत चड्डी घालायची नाही. घातली तर तीच शिवण, तेच इलॅस्टिक पुन्हा कातडीला लागलं. मग पैसे कशाला घातले? पाळीत मात्र आत पातळ, शिवण कमी असलेली होजिअरीची चड्डी घाला आणि पॅड तिला लावा. वापरून झाल्यावर पँट त्याच दिवशी धुवायची, उलटी करून, उन्हात वाळवायची. दुसऱ्या दिवशी तीच घामट घातली की पुटकुळ्या आल्याच. आपल्याकडे बायकांचे आतले कपडे दुसऱ्या कपड्याखाली लपवून सावलीत वाळत घालतात. ही लाज सोडा. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

किंमत पाचशे-सहाशेपासून सुरू होते ती अडीच-तीन हजारांच्या पुढे जाते. माझं मत विचाराल तर चार-पाच किलोमीटरच्या शाळेसाठी हा खर्च करू नका. रोज पंधरा-वीस किलोमीटर जाणारीने, नाहीतर सायकलवर पंढरपूरला निघालेलीने जरूर घ्यावी, आणि वरून सलवार किंवा सैल पँट घालावी. कुणाला कळतही नाही.

भाचीसाठी आम्ही गटाच्या शिलाई मशीनवर मांडीपर्यंतची आतली पँट शिवली. पहिली फसली. उशीतला फोम घातला, तो घाम पिऊन गोळा झाला आणि पोरगी म्हणाली, आत्या, गोधडीवर बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्या वेळी फोम काढूनच टाकला. ताणणारं होजिअरी घेतलं, आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडला, म्हणजे चार शिवणी एका ठिकाणी येतच नाहीत, बाजूला सरकतात. त्या तुकड्याला आतून त्याच कापडाचा आणखी एक थर दिला आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवली. बस्स. कापड, दोरा, इलॅस्टिक मिळून दीडशेच्या आत खर्च आला. ती आता सलवारीखाली रोज ही घालते, चड्डीच्या जागी.

पण ताईंनो, कपड्याच्या आधी सीट पाहा, नाहीतर सगळं व्यर्थ. भाचीची सीट दुकानातून आली तशीच, खाली बसवलेली होती. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ व्हायला हवा. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर पुढच्या नाजूक जागी टोचतं, म्हणून सीट जमिनीला समांतर करा. आणि सीट किती रुंद हवी ते कळायला एक गंमत करा: खोक्याचा जाड पुठ्ठा टणक ओट्यावर ठेवून त्यावर पाच मिनिटं बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. ती तुमची हाडं. सीट त्यापेक्षा थोडी रुंद हवी. आपण ताठ बसून चालवतो, त्यामुळे शर्यतवाल्यांची अरुंद सीट आपल्या कामाची नाही.

बाकीच्या कपड्यांचं थोडक्यात. ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारा, मोकळं टोक चाकात गेलं की गळ्याला फास बसतो. प्लाझोची उजवी मोहरी चेनमध्ये जाते, तिला रबर लावा. साडी असेल तर पदर खोचा आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. नऊवारी नेसणाऱ्या आजींना काही सांगायची गरज नाही, त्यांचा काष्टा सायकलसाठीच केल्यासारखा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या बायकांना पायघोळ झग्यात सायकल चालवता येईना, म्हणून त्यांनी फुगीर विजारी घातल्या तर लोकांनी केवढा गहजब केला! लेडीज सायकलचा मधला दांडा खाली वाकवला तोही त्या झग्यापायीच. पण तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमाराला साक्षरता मोहिमेत लाखावर बायका सायकल शिकल्या, तेव्हा लेडीज सायकली पुरल्या नाहीत, तर त्यांनी जेन्ट्स चालवल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं.

आधीच सोललं असेल तर दोन-तीन दिवस सायकल बंद. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, सैल कपडे घाला. बरं झाल्यावर निघताना मांडीच्या आत थोडं व्हॅसलीन लावा. पू झाला, ताप आला, तर आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात जा. आणि चालवताना पुढे मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, तर ते सहन करायचं नसतं. तिथेच उतरा, मग सीट तपासा.

येत्या बैठकीला पोरींच्या सायकली घेऊन या. मी पाना आणि पुठ्ठा आणते, सीटा तिथेच बसवून देऊ. ज्यांना आतली पँट शिवायची आहे त्यांनी कमर आणि मांडीचं माप कागदावर लिहून आणा, नाव नाही लिहिलं तरी चालेल.