सात नंबर ते चव्वेचाळीस नंबर : नेरडीगोंड्याच्या चढावरची सायकल

कल्याणहून निघून माळशेज चढणारा, पुढे नगर, परभणी, नांदेड, भोकर, भैंसा अशी गावं घेत येणारा महामार्ग निर्मलला पोचतो. त्याचा जुना क्रमांक 222, आताचा 61. निर्मलला तो नागपूर-हैदराबाद रस्त्याला मिळतो. तिथून उत्तरेकडे वळलं की सपाटी सरते, सागाचं रान सुरू होतं आणि रस्ता डोंगराला भिडतो. तो चढ चढून वर आलं की नेरडीगोंडा, आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव.

गाव तेलंगणातलं असलं तरी मराठी सायकलस्वाराला ते परकं वाटत नाही. 1956 पर्यंत आदिलाबाद, नांदेड आणि परभणी हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. किनवट आणि राजुरा तर आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं बदलली, पण सोयरीक आणि बाजारहाट सुरूच राहिला. या पट्ट्यातल्या टपरीवर तेलुगू, गोंडी, लमाणी, दखनी आणि मराठी एकाच बाकावर ऐकू येतात. गेल्या तीसेक वर्षांत या नागपूर-हैदराबाद रस्त्यावर सायकलचं काय झालं, हे पाहताना रस्त्याचाही हिशेब मांडावा लागतो, कारण दोघांचं नशीब एकमेकांत गुंतलेलं आहे.

नव्वदच्या दशकात हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7 होता. वाराणसीहून जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर करत कन्याकुमारीला जाणारा. ट्रकवाले त्याला नुसतं ‘सात नंबर’ म्हणत. डांबर दुपदरी, कडेला मुरूम, आणि निर्मलच्या बाजूला निजामाच्या काळापासूनचा महबूब घाट. या रस्त्यावर तेव्हा सायकली भरपूर होत्या, पण त्यातली एकही हौसेची नव्हती. हँडलला दुधाच्या किटल्या, कॅरिअरवर सरपणाची मोळी किंवा कापडाचं गाठोडं. अ‍ॅटलस, हिरो, हर्क्युलस, अशी काळी दणकट सायकल लग्नात मिळायची आणि पुढच्या पिढीपर्यंत चालायची.

ती सायकल चढावर कशी वागायची हे समजून घेण्यासारखं आहे. पुढचं चक्र 44 दातांचं, मागचं फ्रीव्हील 18 दातांचं, चाक 28 इंची. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाणार. सपाट रस्त्याला हे प्रमाण उत्तम. पण घाटात, मागे मोळी असताना, तेवढं अंतर एका फेऱ्यात ओढणं माणसाच्या मांड्यांना झेपत नाही. म्हणून चढाच्या पायथ्याशी माणूस उतरायचा आणि सायकल हाताने ढकलत वर न्यायचा. उतारावर सळईचे ब्रेक आणि रबराचे ठोकळे. पावसात रिम ओली झाली की ते धरतच नसत, मग चप्पल रस्त्याला घासत वेग आवरायचा. आजच्या घाटासाठीच्या सायकलला पुढे 34 आणि मागेही 34 दातांची जोडी मिळते. एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे तोच चढ बसल्या बसल्या चढता येतो. तीस वर्षांत चढ होता तेवढाच राहिला, गिअर बदलले. ढकलत चढणाऱ्या त्या माणसांचे कष्ट किती होते, हे आज हलक्या गिअरवर घाट चढताना नीट कळतं.

दोन हजारनंतर या सायकली बघता बघता दिसेनाशा झाल्या. हप्त्यावर मोटरसायकल मिळू लागली, गावोगाव सवारी ऑटो आले. सायकल दुरुस्तीवाल्याने पंक्चरची कढई तीच ठेवली आणि पाने मोटरसायकलचे घेतले. शाळकरी पोरं सोडली तर सायकल गरजेची राहिली नाही.

त्याच सुमारास रस्ताही बदलला. उत्तर-दक्षिण मार्गिकेच्या कामात सात नंबर चौपदरी होऊ लागला. 2010 मध्ये महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरले आणि हा भाग श्रीनगर ते कन्याकुमारी अशा चव्वेचाळीस नंबरात गेला. देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग आता नेरडीगोंड्यावरून जातो. डांबर गुळगुळीत झालं, रोलमामड्याला टोलनाका उभा राहिला. नागपूरहून नेरडीगोंडा साधारण अडीचशे किलोमीटर. सराव असलेला सायकलस्वार एका दिवसात येऊ शकतो.

आणि तो येऊही लागला. ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापण्याची ब्रेव्हेची शिस्त याच काळात भारतात रुजली: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत. 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. 2020 च्या नोव्हेंबरात हितेंद्र महाजनांचा सतरा वर्षांचा मुलगा ओम श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर साडेआठ दिवसांच्या आत सायकलवर गेला. या नावांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या तरुणांना धीर दिला. काश्मीर-कन्याकुमारीचा बेत आज तालुक्याच्या गावातली मुलंही आखतात, आणि चव्वेचाळीस नंबर धरला की नेरडीगोंडा वाटेत येतंच.

पण ते वाटेतच राहतं. चौपदरी रस्त्याने सायकलस्वाराला वेग दिला आणि मुक्काम काढून घेतला. दुभाजक, उड्डाणपूल, कडेने उलट दिशेने येणाऱ्या मोटरसायकली, पाठीशी ट्रकचा वारा. अशा रस्त्यावर नजर आरशात आणि पांढऱ्या पट्टीवर असते, डोंगरावर नसते. कुप्टीच्या घाटात कडेम नदी ओलांडली जाते आणि पुष्कळांना ती कळतही नाही. हीच नदी पुढे काही किलोमीटरवर काळ्या कातळावरून कोसळते. तोच कुंतलाचा धबधबा, तेलंगणातला सर्वांत उंच, सुमारे दीडशे फूट.

डोंगराळ मुलखातली खरी सायकल चालवायची ती महामार्ग सोडल्यावर, हे माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे. नेरडीगोंड्याहून फुटणारे अरुंद रस्ते या सगळ्या मुलखाचं सुख आहेत. एक बोथकडे, पोचेरा धबधब्याच्या अंगाने. एक कुंतलाकडे, सागाच्या रानातून. थोडं उत्तरेला इच्चोडा, पुढे गुडीहतनूरहून इंद्रवेल्ली आणि उटनूरची वाट. या वाटेवर 20 एप्रिल 1981 च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या गोंड आदिवासींचं स्मारक आहे आणि जवळच केसलापूर, जिथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. चढ लांबलचक नाहीत, पण एकामागून एक येतात. उताराचा वेग अंगात असतानाच पुढच्या चढाला लागायचं, एवढी लय जमली की दिवस कसा जातो कळत नाही.

ऋतूही सांगतो. पावसाळ्यात धबधबे भरलेले असतात, पण शेतवाटेवर पाऊल टाकू नये. काळी माती टायरला थापत जाते, ब्रेक आणि चाकाच्या मधे भरते आणि दहा पावलांत चाक फिरायचं थांबतं. काडीने खरवडून काढण्याखेरीज इलाज नाही. दिवाळीनंतर कापूस फुटतो, हवा कोरडी होते, पहाटे बोटं गारठतात. फेब्रुवारीत साग पानं गाळतो आणि होळीच्या आधी पळस पेटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या मुलखाचा सायकलचा काळ.

या सगळ्या वर्षांचा जमाखर्च मांडला तर गिअर, डांबर आणि हिंमत हे जमेला आहेत. खर्चाला गेली ती गावाशी ओळख. ती परत मिळवता येते. नागपूर, यवतमाळ, नांदेडच्या सायकल क्लबांनी कुंतला आणि पोचेरा आपल्या मार्गांत घ्यावेत. जुन्या घाटाच्या रस्त्याची डागडुजी व्हावी आणि चौपदरीच्या कडेची पट्टी सायकलला मोकळी राहावी, यासाठी दोन्ही राज्यांतल्या स्वारांनी मिळून पाठपुरावा करावा. कुंतलाच्या डोहात उतरू नये, तिथे माणसं बुडाली आहेत. रानातून अंधार पडायच्या आत बाहेर यावं, आपला कचरा आपल्यासोबत न्यावा. आणि पुढच्या वेळी चव्वेचाळीस नंबरने जाल तेव्हा नेरडीगोंड्याला एक मुक्काम नक्की करा.