इंग्रजी संबंधी सर्वनामाआधीचे प्रिपोझिशन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजीत 'इन', 'टू', 'ऑफ', 'विथ' यांसारखे जे शब्द नामाच्या आधी येऊन त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवतात, त्यांना प्रिपोझिशन म्हणतात. आणि 'हू', 'विच', 'दॅट' यांसारखे जे शब्द मुख्य वाक्यातील नामाला गौणवाक्य जोडतात, ती संबंधी सर्वनामे होत. ही दोन्ही एकत्र आली की प्रिपोझिशनला दोन जागा उपलब्ध होतात. 'द हाऊस इन विच शी लिव्ह्ज' यात ते सर्वनामाच्या आधी आहे, तर 'द हाऊस विच शी लिव्ह्ज इन' यात ते गौणवाक्याच्या शेवटी राहिले आहे. यांपैकी दुसरी रचना अशुद्ध आहे, ही समजूत आजही दृढ असली, तरी इंग्रजीचा इतिहास आणि इंग्रजीचा चांगला वापर या दोहोंत तिला आधार सापडत नाही.

प्राचीन इंग्रजीत या दोन्ही प्रकारच्या रचना होत्या. ज्या गौणवाक्यांचा आरंभ 'थे' या अविकारी, म्हणजे कधीही रूप न बदलणाऱ्या शब्दाने होई, त्यांत प्रिपोझिशन त्या शब्दाच्या आधी ठेवताच येत नसे, ते पुढे क्रियापदापाशीच राहत असे. त्यामुळे जिला बिघडलेली म्हटले जाते ती रचना हजार वर्षांहून जुनी ठरते. तिच्यावरील आक्षेपाला वजन आले ते १६७२ मध्ये, जेव्हा कवी जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष दाखवला आणि पुढे १६८४ मध्ये नाट्यकाव्यावरील आपल्याच निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्यातील अशी वाक्ये बदलली.

या निषेधाचे जनकत्व अनेकदा बिशप रॉबर्ट लाउथ यांना दिले जाते, पण तेही अचूक नाही. १७६२ च्या आपल्या व्याकरणात त्यांनी शेवटी येणारे प्रिपोझिशन ही इंग्रजीची स्वाभाविक लकब मानली आणि संभाषणात व अनौपचारिक लेखनात ते शोभते असे म्हटले. सर्वनामाआधीची जागा त्यांना अधिक डौलदार, अधिक सुस्पष्ट आणि गंभीर शैलीला साजेशी वाटली, एवढेच. ही लकब वर्णन करणारे त्यांचे वाक्यांगही प्रिपोझिशननेच संपते. शैलीविषयीची ही पसंती पुढील पाठ्यपुस्तकांतून शुद्धाशुद्धतेचा नियम म्हणून शिकवली गेली, आणि १९२६ मध्ये हेन्री फाउलर यांनी आपल्या कोशात तिला अंधश्रद्धा ठरवल्यावरही ती टिकून राहिली.

मात्र यावरून प्रिपोझिशन कोठेही ठेवले तरी चालते, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे आहे. 'दॅट' या संबंधी सर्वनामाआधी प्रिपोझिशन येऊ शकत नाही, म्हणून 'द हाऊस इन दॅट शी लिव्ह्ज' हे वाक्यांग अशुद्धच होय. प्रिपोझिशननंतर लिखित इंग्रजीत 'हू' च्या जागी 'हूम' येते. आणि सर्वनाम गाळायचे असेल तर प्रिपोझिशन शेवटी ठेवावेच लागते, जसे 'द हाऊस शी लिव्ह्ज इन'. 'सम ऑफ हूम' किंवा 'द एक्स्टेंट टू विच' यांसारख्या रचनांत ते सर्वनामाआधीच यावे लागते, तर 'पुट अप विथ' यासारखे, सहन करणे या अर्थाचे, जोडक्रियापद फोडून त्यातील शब्द पुढे आणले की वाक्य कृत्रिम होते.

मराठी भाषकांच्या चुका बहुधा या जागेच्या वादातून उद्भवत नाहीत. 'ज्या घरात ती राहते ते घर' या रचनेत विभक्तीप्रत्यय उघड दिसतो, परंतु 'ती राहते ते घर' असे म्हणताना तो गळतो आणि अर्थाला काहीच बाधा येत नाही. हीच सवय इंग्रजीत उतरली की 'द हाऊस विच शी लिव्ह्ज' असे अपुरे वाक्यांग तयार होते. उलट अतिदक्षतेने लिहिणारा 'द हाऊस इन विच शी लिव्ह्ज इन' असे लिहून एकच प्रिपोझिशन दोनदा वापरतो. सर्वांत फसवी असतात ती 'लिसन' सारखी क्रियापदे, कारण मराठीत गाणे थेट ऐकले जाते, त्याला प्रत्यय लागत नाही, आणि म्हणून इंग्रजीतील आवश्यक 'टू' लक्षातच येत नाही. अशा वेळी गौणवाक्य सुटे करून 'शी लिसन्ड टू द साँग' असे पूर्ण वाक्य आधी मांडावे, म्हणजे कोणते प्रिपोझिशन हवे ते कळते, आणि मग ते 'द साँग टू विच शी लिसन्ड' असे पुढे आणावे की 'द साँग शी लिसन्ड टू' असे शेवटी ठेवावे, हे लेखनाच्या औपचारिकतेवरून ठरवता येते.