शामाचं बेट

बोरिवलीत बसलोय म्हणजे आपण एका बेटावर बसलो आहोत. साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र. रोज लोकलने खाडी ओलांडणाऱ्याला हे आठवत नाही, तो भाग वेगळा.

या बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानात, शंभर चौरस किलोमीटरहून थोड्या मोठ्या जंगलात, शामा राहतो. आपल्या दयाळचा चुलतभाऊच. नर वरून काळाभोर, कमरेवर पांढरा, पोट तांबूस, शेपूट लांब. झुडपांच्या सावलीत किडे टिपतो, आणि गातो असा की गाण्यापायीच पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पडला. अंदमानात याचा एक भाऊबंद आहे, त्याचं पोट पांढरं. अनेक पक्षीतज्ज्ञ त्याला आज स्वतंत्र जाती मानतात, आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. मग फक्त साष्टीचा असा वेगळा शामा का झाला नाही?

उत्तर येण्याजाण्यात आहे. पलीकडच्या पक्ष्यांशी जोड्या जमत राहिल्या की वेगळेपण साठत नाही. अंदमानात ही ये-जा फार दीर्घ काळ तुटली. इथे खाडी अरुंद, आणि पल्याड तुंगारेश्वरचं जंगल. (न्यायदर्शनात जाती नित्य मानली आहे. डार्विननंतर ते पक्ष्यांना लावणं कठीण. इथे जाती जन्मते, मरतेही.)

आता कुणी म्हणेल, शहराने जंगल वेढलंच आहे, थांबा थोडं, होईल बोरिवलीचाही वेगळा शामा! तसं होत नाही हो. पनामा कालव्यासाठी नदी अडवून तलाव केला, त्यात १९१४च्या सुमारास एक टेकडी सुटी पडली, बारो कोलोराडो. १९२३ पासून ती राखीव आहे. तरी पुढच्या दशकांत तिथून कित्येक जंगलपक्षी नाहीसे झाले, जमिनीलगत किडे टिपणारे त्यांत बरेच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या भागातले पक्षी होडीतून किनाऱ्यापासून शंभर मीटरवर सोडले. काही जातींना तेवढंही अंतर उडून पार करता आलं नाही. शंभर मीटर! आपला हायवे, सर्व्हिस रोडसकट, नजरेसमोर आणा.

पनामाचे पक्षी म्हणजे शामा नव्हे, मान्य. पण दयाळ सोसायटीच्या आवारात अँटेनावर बसून गातो, शामाला सावलीचं रानच लागतं. आणि नवी जाती घडायला हजारो पिढ्या लागतात, लहान वस्ती संपायला काही दशकं पुरतात.

जंगलाखालच्या बोगद्यांवर सध्या वाद चालू आहे, तो चालायलाच हवा. मला जास्त काळजी घोडबंदर रस्त्याची वाटते, कारण उत्तरेची वाट तिथेच अडते. बिबट्या तो ओलांडताना गाडीखाली आला तर बातमी होते. शामाने ओलांडायचंच सोडलं, तर रस्त्यावर काहीच पडलेलं दिसणार नाही. ते कळायला दोन्ही बाजूंच्या रानांत वर्षानुवर्षं पहाटे कान देऊन मोजणारी माणसं लागतील.